आईच्या हातासाठी किनेक्ट : सात महिने वापरल्यानंतर

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. दोन महिन्यांनी तो थोडा उचलायला लागली, पण हाताबरोबर सगळं अंगच पुढे न्यायची. फिजिओताई रोज सांगायच्या, "काकू, पाठ सरळ राहू दे, हात खांद्यातून येऊ दे." आई म्हणायची, "सरळच आहे की!" तिला खरंच तसं वाटायचं.

ताईंना विचारूनच जुना किनेक्ट घेतला, दुसऱ्या पिढीचा. मूळचा हा खेळांसाठीचा कॅमेरा. पहिला २०१० साली आला, २०१७ मध्ये उत्पादन थांबलं, त्यामुळे आता वापरलेलाच शोधावा लागतो. अंगाला काही बांधायचं नसतं. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो आणि शरीरातल्या २५ जागा सेकंदाला ३० वेळा टिपतो. लॅपटॉपला यूएसबी ३ लागतं आणि अडॅप्टर वेगळा. आम्हाला विक्रेत्याने दिलेला पहिला अडॅप्टर बंद निघाला, त्यात पंधरा दिवस गेले. घेताना जोडून, चालवूनच घ्या.

भाच्याने मोफत मिळणाऱ्या एसडीकेवर (किनेक्टसाठी प्रोग्रॅम लिहायचा तयार साधनसंच) छोटा प्रोग्रॅम लिहिला. टीव्हीवर आईची काड्यांची आकृती दिसते, समोर एक कप, त्याच्यापर्यंत हात न्यायचा. धड ताईंनी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे झुकलं की पाठीची रेघ लाल होते आणि तो प्रयत्न मोजला जात नाही. पहिल्या दिवशी वीसपैकी तीन मोजले गेले. आई बराच वेळ त्या लाल रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, मी एवढी वाकते?" आमच्या महिनाभराच्या सांगण्याने जे झालं नव्हतं, ते त्या रेघेने केलं. आता वीसपैकी चौदा-पंधरा होतात. यात ताईंच्या मेहनतीचा वाटा मोठा आहे. कॅमेऱ्याने हात बरा केला असं मी म्हणणार नाही. पण ताई नसतात त्या दिवशीही व्यायाम नीट होतो, हे त्याच्यामुळेच.

काही गोष्टी घरी वापरूनच कळल्या. दुपारचं ऊन खोलीत आलं की आकृती थरथरते, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं. जाड पडदा लावला. साडीच्या निऱ्यांत गुडघे सापडत नाहीत, म्हणून पायांच्या व्यायामाला आई पायजमा घालते. सोफ्यावर बसलं तर अंग कुठे संपतं आणि सोफा कुठे सुरू होतो, याचा घोळ होतो; साधी लाकडी खुर्ची बरी. अंतर दोन मीटरच्या आसपास ठेवतो. सगळ्यात त्रासाचं म्हणजे मी आधाराला जवळ उभी राहिले की कधी माझाच हात आईचा धरला जातो. तरी उभ्याने व्यायाम असेल तर मी हलत नाही. आकडे चुकले तरी चालतील, आई पडता कामा नये.

भाचा आता हेच साध्या वेबकॅमवर करून बघतोय. बाजूला झुकणं त्यात चांगलं कळतं, पण आई कॅमेऱ्याच्या दिशेने किती वाकली याचा भरवसा वाटत नाही, आणि आमचं तर सगळं त्यावरच अवलंबून. म्हणून तूर्त किनेक्टच.

बोटांच्या बारीक हालचालींसाठी मात्र घेऊ नका. प्रत्येक हाताचा अंगठा आणि पंजाचं टोक एवढंच त्याला कळतं. त्यासाठी आम्ही कपड्यांचे चिमटे आणि वाटीभर वाटाणेच वापरतो, रोज संध्याकाळी, टीव्ही बंद करून.