तिकीट काढलं आणि मग भाव पडला... फरक नक्की कुठे मिळतो?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांचं हे ठरलेलं दुखणं. मार्चमध्ये चौघांची तिकिटं काढून मोकळं व्हायचं आणि मे महिन्यात उगाच गूगल फ्लाइट्स उघडून बघितलं तर तीच फ्लाइट माणशी ८० डॉलरने खाली! हे पैसे बऱ्याचदा मिळतात, पण एअरलाइन स्वतःहून फोन करून देणार नाही, आपणच वेबसाइटवर चेंजमध्ये जाऊन तीच फ्लाइट पुन्हा निवडायची, नाहीतर कॅन्सल करून मिळालेल्या क्रेडिटवर (म्हणजे एअरलाइनकडे पुढच्या तिकिटासाठी जमा राहिलेली रक्कम) परत बुक करायचं.

पहिले २४ तास वेगळे. प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असताना थेट एअरलाइनकडून तिकीट काढलं असेल तर एका दिवसात रद्द केल्यावर पैसे कार्डावरच परत येतात, क्रेडिट वगैरे भानगड नाही. (आधी होल्ड करून, म्हणजे पैसे न भरता राखून ठेवलेलं तिकीट नसावं.) एजंट साइटवाल्यांना मात्र हा सरकारी नियम लागू नाही, बरेच जण देतात पण ती त्यांची मर्जी.

त्यानंतर खरी तुलना. साउथवेस्ट एअरलाइन या बाबतीत जुनी लाडकी, चेंज फी नाहीच, फरक फ्लाइट क्रेडिट म्हणून जमा. पण २८ मे २०२५ पासून त्यांनी बेसिक, म्हणजे सगळ्यात स्वस्त पण अटींचं भाडं आणलं, फुकट बॅगाही त्याच दिवशी गेल्या, आणि बेसिकमध्ये आता तिकीट नुसतं बदलता येत नाही, अपग्रेड करा किंवा कॅन्सल करून क्रेडिट घ्या, आणि ते क्रेडिट सहा महिन्यांत संपतं. वरच्या भाड्यांना बारा महिने. म्हणजे जुन्या आठवणींवर साउथवेस्ट निवडत असाल तर थांबा जरा.

युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या एअरलाइन्सनी ऑगस्ट २०२० च्या शेवटी एकामागोमाग एक चेंज फी काढून टाकली, कोविडची कृपा म्हणायची. पण हे साध्या इकॉनॉमीपासून वर. बेसिक इकॉनॉमीत कुठे बदल होतच नाही तर कुठे कॅन्सल करताना पैसे कापतात, मग ८० मधले हातात काय राहणार! त्यामुळे बेसिक आणि साध्या तिकिटात ३०-४० डॉलरचाच फरक असेल आणि प्रवास दोन-तीन महिने लांब असेल तर मी सरळ साधं घेते. उद्याच निघायचंय तर बेसिक चालेल, भाव पडायला वेळच कुठे आहे. आणि हो, भाव पडलेला दिसला की तो बेसिकचाच तर नाही ना हे बघा, मी दोनदा उड्या मारल्यात.

माझ्या मते सगळ्यात बिनघोर प्रकार म्हणजे माइल्स, म्हणजे एअरलाइनकडे साठलेले पॉइंट देऊन काढलेलं तिकीट. भाव उतरला की जुनं रद्द, माइल्स बहुतेकदा खात्यात परत, नवं बुक. कूपन नाही, क्रेडिटच्या एक्सपायरीची तारीख लक्षात ठेवायला नको. माइल्स साठलेले असतील तर ज्या तिकिटाचा भाव डळमळीत वाटतो तिथेच वापरा.

क्रेडिटची गोम अशी की ते बहुतेक वेळा प्रवाशाच्या नावावर येतं, पैसे कोणी भरले याला किंमत नाही. आईचं तिकीट मी काढलं, भाव पडला, मी खूश होऊन बदललं, १४० डॉलरचं क्रेडिट आईच्या नावावर, आणि आई पुण्यात! वर्षाचं घड्याळही कधीकधी मूळ तिकीट काढल्यापासून चालू होतं, क्रेडिट मिळाल्यापासून नाही. गेले ते पैसे. शिवाय आईबाबांचं तिकीट मुंबईहून सुरू होत असेल तर अमेरिकन कंपनी असली तरी बिनफीची सवलत धरून चालू नका, ती मुख्यतः अमेरिकेतून सुरू होणाऱ्या प्रवासाला आहे, भाड्याचे नियम उघडून वाचा. भारतातल्या कंपन्यांच्या स्वस्त तिकिटांवर तर बदलाची फीच बहुतेकदा फरक गिळून टाकते.

त्यामुळे सहा महिन्यांत परत त्याच एअरलाइनने कोण उडणार आहे ते आधी बघा. नवरा कामासाठी महिन्याआड जातो, त्याच्या तिकिटाचा भाव २५ डॉलरने पडला तरी मी बदलते. आईच्या बाबतीत आता ते २४ तास, नाहीतर माइल्स.