पॉलिमर एकजीव झाले का? डीएससी, एनएमआर की डायइलेक्ट्रिक

दोन पॉलिमर मिसळल्यावर ते खरंच एकजीव झाले का, हे तपासायच्या तीन पद्धती म्हणजे डीएससी, एनएमआर आणि डायइलेक्ट्रिक मोजणी. गोवा विद्यापीठात, ताळगाव पठारावर यावर एमएस्सीचं प्रोजेक्ट पावसाळ्यात सुरू करणार असाल, तर यंत्र निवडताना हवेचाही विचार करा. जुलैत डेसिकेटरमधली (नमुने कोरडे ठेवायच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका बघता बघता गुलाबी होते. डायइलेक्ट्रिक मोजणीला, म्हणजे बदलत्या विद्युतक्षेत्राला नमुना कसा प्रतिसाद देतो ते बघण्याला, हा ओलावा सर्वांत जास्त छळतो. पाण्याचा संकेत पॉलिमरच्या संकेतावर चढून बसतो. रेण्वीय हालचाल फार मोठ्या वारंवारता-पट्ट्यात दाखवणारी पद्धत हीच, पण तिला ध्रुवीय (विद्युतभार असमान वाटलेले) गटच दिसतात. पॉलिस्टायरीन आणि पीव्हीएमई (पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर) यांच्या जोडीत पीव्हीएमई बोलतं, पॉलिस्टायरीन जवळजवळ मुकं.

डीएससी, म्हणजे नमुना तापवत त्यात किती उष्णता जाते ते मोजणं, झटपट होतं. पाच-दहा मिलिग्रॅम नमुना, ॲल्युमिनियमची चिमुकली डबी, मिनिटाला १० अंशांचा वेग. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांतलं पीएलए आणि पीबीएटी या दोन पॉलिमरांचं मिश्रण घ्या: आलेखात ६० अंशांजवळ एक पायरी, उणे ३० जवळ दुसरी. दोन टीजी (काचेसारखा कडक पॉलिमर मऊ होऊ लागतो ते तापमान), म्हणजे दोन फेज (वेगळे राहिलेले भाग), वाद मिटला. (पीएलए आधी निर्वात भट्टीत वाळवा, पाणी राहिलं तर टीजी खाली घसरतो.) एकच पायरी दिसली की 'मिसळलं' असं लिहून मोकळे होणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. एकेका पॉलिमरचे पुंजके साधारण १५-२० नॅनोमीटरहून लहान असले, किंवा दोघांचे टीजी मुळातच जवळ असले, तर डीएससीला काही कळत नाही.

तिथे सॉलिड-स्टेट एनएमआर, म्हणजे घन नमुन्यातल्या अणुकेंद्रांचं चुंबकीय वर्तन मोजणं, कामाला येतं. प्रोटॉनांचं चुंबकन शेजाऱ्याकडे झिरपतं. टी-वनच्या वेळात (ते मूळ स्थितीत परतायला लागणारा वेळ) ते दहांच्या पटीत नॅनोमीटर जातं, टी-वन-रोच्या वेळात (रेडिओलहरी चालू ठेवून मोजलेला, त्याहून छोटा वेळ) दोन-चारच. दोन्ही घटकांचा टी-वन सारखा आणि टी-वन-रो वेगळा आला, तर पुंजक्यांचा आकार या दोन मापांच्या मधला. कोणता गट किती हलतोय तेही सुटं दिसतं. पण एनएमआरसाठी मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सारख्या ठिकाणी वेळ मागायची, तर तीन महिन्यांच्या प्रोजेक्टात ते जिकिरीचं. म्हणून सगळ्या नमुन्यांचं डीएससी करा आणि एकच, पण पसरट टीजी देणारे एक-दोनच एनएमआरला पाठवा.

त्याआधी फिल्म खिडकीशी धरून बघा. पॉलिस्टायरीन-पीव्हीएमई टोल्युइनमधून ओतलं तर काचेसारखं पारदर्शक, क्लोरोफॉर्ममधून ओतलं तर दुधाळ. पारदर्शक फिल्मही पुरेशी तापवली की पांढरी पडते, सोलकढी चुलीवर ठेवली की फाटते तशी. कारण वेगळं, डोळ्यांना दिसतं तेच. त्यामुळे वहीत यंत्राच्या नावाआधी द्रावक आणि वाळवण्याचं तापमान लिहा.