एसी सर्व्हिसिंग: दोनदा केलं तेव्हा एकदा झालं

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट आहे, पाच वर्षं झाली, आणि समोर मेट्रो 4 चं काम सुरू झाल्यापासून जी धूळ उडते ती सगळी आमच्याच एसीत जाऊन बसते असा माझा पक्का समज आहे. दरवर्षी मला सर्व्हिसिंग आठवतं मार्चच्या शेवटी, आणि तेव्हाच ते अख्ख्या ठाण्याला आठवतं, मग माणूस आठ दिवसांनी उगवतो आणि येतो तोच घाईत. म्हणून यंदा शहाणपणा करून फेब्रुवारीतच एका ॲपवरून बुक केलं. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीतच असतात.

पोरगा वेळेवर आला, बुटांवर कव्हर वगैरे, बोलायला एकदम गोड. आला तसा बाल्कनीत गेला, आउटडोअरला गॅसचं प्रेशर मोजायचा गेज लावला आणि म्हणाला मॅडम 95 दाखवतंय, गॅस कमी आहे, आत्ता नाही भरला तर मे महिन्यात कॉम्प्रेसर जाईल, 2800 होतील. मी खरंतर हो म्हणणारच होते पण हॉलमधून सासूबाई म्हणाल्या, "अगं गेल्या वर्षीच भरला होता ना?" आणि खरंच भरला होता! मग मी म्हटलं नको, फक्त सर्व्हिसिंग करा. त्याचं तोंड पडलं, फोम मारला, फिल्टर बाथरूममध्ये धुतले, पंचवीस मिनिटांत 599 घेऊन गेला. त्याच रात्री दोन वाजता इनडोअरमधून पाणी टपटप, बरोबर नवऱ्याच्या उशीवर. तक्रार केली तर म्हणे री-व्हिजिट मिळेल, आणि ती अजून मिळतेच आहे.

मग सोसायटीच्या वॉचमनने ज्यांचा नंबर दिला त्या काकांबद्दल हा रिव्ह्यू आहे. दुकान म्हणजे एक शटर, बाहेर जुन्या आउटडोअरची रास, आत अर्धे फ्रिज. पहिल्या दिवशी "निघालोच ताई" म्हणाले आणि आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा आले, स्टूल पण आमचंच मागितलं. मी वैतागलेलेच होते.

पण काम बघितलं आणि गप्प बसले. आधी भिंतीला प्लास्टिक लावलं, इनडोअरखाली पिशवीसारखं जॅकेट बांधलं, त्याचं तोंड बादलीत सोडलं, मग जेट पंप. पहिल्या बादलीतलं पाणी डांबरासारखं काळं. तिसऱ्या बादलीला जरा चहाच्या रंगावर आलं. ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या पंख्याच्या, प्रत्येक पात्यावर काळा थर होता, म्हणजे ओल्या फडक्याचा जो वास यायचा, ज्याच्यावर मी दोन वर्षं रूम फ्रेशनर मारत होते, तो तिथून येत होता. ड्रेन पाइपमधून तर शेवाळासारखा लिबलिबीत गोळा निघाला, तोच अडकून ट्रे भरायचा आणि पाणी उशीवर. फोमने हे काहीच निघत नाही, उलट सुटलेली घाण ड्रेनमध्ये जाऊन बसते असं काकांचं म्हणणं, आणि आमच्याकडे तरी तेच झालेलं.

आउटडोअरवर कबुतरांनी काड्या जमवल्या होत्या, नशीब अंडी नव्हती. तिथे काका पाणी सरळ समोरून मारत होते, तिरकं मारलं तर कॉइलच्या पातळ फिन्स वाकतात म्हणे.

गॅसचं विचारलं तर हसले. "ताई, गॅस काय स्वयंपाकाचा सिलिंडर आहे का, महिन्याला संपायला?" बंद नळीत तोच तो फिरतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरला तर परत जाणारच. त्यांनी नळीच्या जोडावरच्या नटवर (फ्लेअर नट) साबणाचा फेस लावून बघितलं, बुडबुडा नाही. मग गेज लावला आणि 125 आलं. गॅस एक थेंब भरला नाही, तरी 95 चे 125! म्हणे इनडोअरची कॉइल घाणीने चोंदलेली असली की हवा जात नाही, प्रेशर आपोआप पडतं, बाहेर गार असलं तरी पडतं, आणि इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा स्पीडच बदलत राहतो म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नये. धुवायच्या आधी गेज लावणाऱ्याला गॅस विकायचाय असं समजायचं. तो पोरगा आल्या आल्या बाल्कनीत का गेला ते मला तेव्हा कळलं. गेल्या वर्षीचे पैसे आठवून रात्री झोप आली नाही ते वेगळं.

शेवटी क्लॅम्प मीटरने ॲम्पियर, म्हणजे कॉम्प्रेसर किती करंट खातो ते बघितलं, ठीक म्हणाले, आणि इनडोअरच्या वर आत जाणारी हवा आणि खाली बाहेर येणारी हवा दोन्हींचं टेम्परेचर मोजून दाखवलं, बारा डिग्रीचा फरक. दीड तास लागला, घेतले 700.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. पावती कच्च्या कागदावर, वॉरंटी काय तर "काही झालं तर फोन करा". फोन पहिल्या रिंगला कधीच उचलत नाहीत. बाल्कनीतली घाण धुऊन गेले नाहीत, ती मी साफ केली, आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरींवर काळं पाणी गेलं त्याचं बोलणं मीच खाल्लं. तेव्हा जेट मारणार असाल तर खाली आधी सांगून ठेवा.

पाचपैकी चार स्टार, एक त्या पहिल्या दिवसाचा कापला. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायला सांगितलेत, मार्चपासून आजपर्यंत दोनदा धुतलेत, म्हणजे काकांना ऑक्टोबरमध्ये परत बोलवायचंय तेव्हा बोलणी खायची तयारी ठेवलीये. स्टूल तयार आहे.