इंग्रजी भूतकाळ: तक्ता पाठ करावा की घडलेलं सांगत शिकावं?

पेडणे, डिचोली, सत्तरीकडची मराठीतून प्राथमिक शाळा शिकलेली पुष्कळ मुलं पुढे हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा पणजीच्या एखाद्या कार्यालयात नोकरी शोधतात. मुलाखतीत ‘याआधी काय केलंत?’ असं विचारलं की उत्तर भूतकाळातच द्यावं लागतं. त्याची तयारी करायला दोन वाटा आहेत.

पहिली तक्त्याची. ‘गो, वेन्ट, गॉन’ घोकायचं, काळांचे साचे वहीत उतरवायचे, गाळलेल्या जागा भरायच्या. अनियमित क्रियापदांना हीच वाट बरी. ‘ब्रिंग’चं ‘ब्रॉट’ होतं, ‘सिंग’चं ‘सँग’ आणि ‘कट’ तिन्ही रूपांत ‘कट’च राहतं, इथे तर्क चालत नाही, पाठांतरच लागतं. लेखी परीक्षा असेल तर तक्ता हवाच.

पण तक्ता उच्चार शिकवत नाही. एकच ‘ईडी’ शेपूट तीन तऱ्हांनी ऐकू येतं: वर्क्ट, क्लीन्ड, वेटिड. आणि ‘वेन्ट’ पक्कं पाठ असलेला मुलगाही घाईत ‘डिड यू वेन्ट?’ विचारतो. ‘डिड’ आला की भूतकाळ त्याच्यातच आला, पुढे साधं ‘गो’ राहतं, हे तोंडाला वळण लागल्याशिवाय जमत नाही.

दुसरी वाट सांगण्याची. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात काय घेतलं, जत्रेतल्या नाटकात काय झालं, ते रोज मोठ्यानं इंग्रजीत सांगायचं. साधा भूतकाळ असा फार लवकर बसतो. चालू भूतकाळही मागोमाग येतो: ‘द फेरी वॉज क्रॉसिंग व्हेन द रेन स्टार्टेड.’

या वाटेची अडचण आपल्या मराठीतच आहे, म्हणून तिच्याकडे नीट बघायला हवं. आपण सहज म्हणतो, ‘गेल्या वर्षी मी मुंबईला गेलो होतो.’ त्या ‘होतो’मुळे तोंडात ‘आय हॅड गॉन’ येतं. इंग्रजीत इथे नुसतं ‘वेन्ट’ पुरतं. ‘हॅड’ लागतो तो भूतकाळातल्याच दुसऱ्या घटनेच्या आधीचं सांगताना. ‘आम्ही रायबंदरला पोचलो तेव्हा फेरी सुटली होती’ याचं ‘द फेरी हॅड लेफ्ट’ बरोबर होतं. तसंच, ‘1987 साली गोवा राज्य झालं, त्याआधी तो केंद्रशासित होता’ हे ‘बिफोर गोवा बिकेम अ स्टेट, इट हॅड बीन अ युनियन टेरिटरी’ असं सांगता येतं. ‘हॅव’चंही असंच. ‘मी कालच आलो आहे’ मराठीत बिनचूक, पण ‘आय हॅव कम येस्टरडे’ चूक. काल, शुक्रवारी, 1961 साली असा सरून गेलेला वेळ वाक्यात आला की ‘हॅव’ काढून टाकायचा.

हे बारकावे नुसतं बोलून सुटत नाहीत. कुणीतरी नियम सांगून चूक जागच्या जागी दुरुस्त करायला हवी.

माझं मत असं: मुलाखत तोंडावर असेल तर सांगण्यापासून सुरुवात करा. पदार्थ वाढणं, खोली दाखवणं, पैसे घेणं अशी आपल्या कामातली वीस-पंचवीस क्रियापदं घ्या आणि त्यांचीच रूपं आधी पक्की करा. ‘हॅड’ मागून शिकलात तरी चालेल. परीक्षा असेल तर तक्ता आधी घ्या, पण तोही मोठ्यानं वाचा. क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी एक तास बसू द्या म्हणावं, आणि त्या तासात मुलं किती बोलतात आणि शिक्षक किती, ते बघावं.