कापूस आताच विकायचा की आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) ठेवायचा?

दिवाळी सरली की खानदेशातल्या धरणगाव, अमळनेर, पारोळ्याच्या पट्ट्यात पारावर एकच प्रश्न फिरतो: "भाऊ, भाव वाढी का?" घरी कपाशी आणि शाळेत गणित शिकवणं, यात माझं आयुष्य गेलं. तरी याचं छातीठोक उत्तर माझ्याकडे नाही. प्रश्न थोडा बदलून घेतला, तर मात्र वहीच्या एका पानावर हिशेब मांडता येतो. माझ्या घराला परवडायला भाव किती चढायला हवा, आणि शंभरात किती वेळा?

समजा घरात 40 क्विंटल कापूस आहे, ओलावा 12 टक्के. खेडा खरेदीचा व्यापारी अंगणात येऊन क्विंटलला 7,000 देतोय. आज दिला तर 2 लाख 80 हजार रुपये हातात.

ठेवला तर पहिली कात्री घटीची. ओलावा 12 वरून 8 टक्क्यांवर उतरला की 100 किलोचे साधारण 95.65 किलो उरतात. म्हणजे आखाजीला तुमच्याकडे 38.26 क्विंटलच असतील. तेवढ्यात 2 लाख 80 हजार यायला भाव 7,318 हवा. थोडक्यात, 7,300 ला विकून "तीनशे जास्त मिळाले" म्हणणारा प्रत्यक्षात तोट्यात असतो.

दुसरी कात्री व्याजाची, आणि इथेच दोन घरं वेगळी होतात. पहिल्या घरावर बाहेरचं देणं नाही. दुसऱ्या घराने बी-खत उधारीवर उचललंय, शेकडा दोन रुपये महिन्याने. पाच महिन्यांचे 10 टक्के झाले. या घराला 7,318 पुरत नाहीत, 8,050 लागतात.

आता आखाजीला भाव एक तर 8,500 होईल किंवा 6,500, असं सोपं धरू. सरासरीने बरोबरी साधायला बिनकर्जाच्या घराला भाव शंभरात 41 वेळा चढला तरी चालतं. उधारीच्या घराला तो 78 वेळा चढावा लागतो. गाव तेच, कापूस तोच, बाजारही तोच. एकाला निम्म्याहून कमी शक्यता पुरते आणि दुसऱ्याला चारात तीनपेक्षाही जास्त लागते. म्हणून शेजाऱ्याने ठेवला म्हणून आपणही ठेवायचा, हे मला मनापासून धोक्याचं वाटतं. सोसायटीचं 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज असेल तर 31 मार्चकडेही लक्ष ठेवा. मुदतीत भरलं तर व्याज शून्यावर येतं, आणि आखाजी त्या तारखेनंतर येते.

मग चढण्याची शक्यता काढायची कशी? बहुतेक जण शेवटचं ठळक वर्ष आठवतात. 2021-22 मध्ये भाव दहा हजारांच्या पुढे गेला. ते डोक्यात ठेवून पुढच्या हंगामात गावागावात कापूस रोखला गेला. सुरुवातीला आठ-नऊ हजार मिळत होते, 2023 च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या आसपास विकावा लागला. आमच्याही पडवीत तो जूनपर्यंत होता. पोरांच्या अंगाला खाज सुटली होती, ती अजून आठवते. एका वर्षाच्या अनुभवावरून आम्ही पुढच्या वर्षाचा निर्णय घेतला होता. शिवाय सगळ्यांनीच रोखलेला माल उन्हाळ्यात एकदम बाहेर पडला, तर भावावर दाब येणारच.

त्यापेक्षा जवळच्या बाजार समितीचे गेल्या दहा हंगामांचे दिवाळीचे आणि आखाजीचे भाव शेजारी शेजारी लिहा. मात्र दहापैकी सहा वेळा चढला, म्हणून "60 टक्के शक्यता" म्हणू नका. साधं नाणं दहा वेळा उडवलं तरी शंभरात 38 वेळा सहा किंवा जास्त छापे पडतात. दहा नोंदींवरून खरी शक्यता 26 ते 88 टक्क्यांत कुठेही असू शकते. म्हणजे उधारीच्या घराचे 78 या नोंदींनी सिद्ध होत नाहीत. त्यात सरकारी निर्णय खेळच बदलतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. असं काही जुन्या भावांच्या यादीत दिसत नाही.

तिसरा रस्ता सीसीआयचा, म्हणजे हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी भारतीय कापूस महामंडळाचा, आणि माझ्या मते तो आधी तपासावा. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 ठरला होता. हा भाव 8 टक्के ओलाव्याला. 12 टक्क्यांना 7,785.60, ओलावा त्याहून जास्त असेल तर माल घेतच नाहीत. अंगणातल्या 7,000 पेक्षा हे उघडच सरस. नोंदणी, स्लॉट, भाडं, रांग हा त्रास आहे, पण क्विंटलमागे 785 रुपयांच्या फरकातून तो वजा करून पाहा. एक बारीक गोष्ट: 12 टक्क्यांचा माल मुद्दाम 8 वर वाळवू नका. 100 किलोचे 95.65 किलो होऊन 7,757 रुपयेच मिळतील, म्हणजे 28 रुपये कमी. चौदाचा माल बाराच्या आत आणणं मात्र अत्यंत गरजेचं, कारण तिथे प्रश्न दराचा नसून गाडी परत येण्याचा आहे. आणि खरेदी केंद्र आखाजीपर्यंत उघडं राहील असं धरून हिशेब करू नका. ते बंद झालं की 6,500 ची शक्यता परत जिवंत होते.

उंदीर, आग, अवकाळी यांची शक्यता कमी, पण घडलं तर सगळंच जातं. कुडाच्या खोलीत ठेवणाऱ्याने हे मोजलंच पाहिजे.

उधारीचं घर असेल तर मी एक बोंडही ठेवणार नाही. देणं नसेल, खोली कोरडी असेल, तर मुलीच्या फीचे आणि रब्बीचे पैसे निघतील एवढा आधी विकेन, उरलेला तिसरा हिस्सा ठेवेन. त्याने सरासरी नफा फारसा वाढत नाही, पण चुकलो तर फटका तिसऱ्या हिश्श्यालाच बसतो. आणि ठेवतानाच पडवीच्या भिंतीवर खडूने दोन आकडे लिहीन: इतका चढला की विकायचा, इतका उतरला तरी विकायचा. 2023 मध्ये आमच्या भिंतीवर दुसरा आकडा नव्हता.