‘कार्ड गेलंय’ म्हणणाऱ्यांना कंटाळला असाल तर: सोलापूरच्या नवी पेठेतलं पहिल्या मजल्यावरचं हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान

पाचपैकी चार तारे देतेय. कापलेला एक तारा कामासाठी नाही, पासवर्डासाठी आहे. त्याचं खाली येईलच.

मी जॅकार्डची (मागावर विणून येणाऱ्या नक्षीची) डिझाईन करते, टॉवेल आणि चादरी दोन्ही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांची कामं साखर पेठेत घरी बसून चालतात. मधल्या मॉनिटरवर डिझाईनचा चौकटी-चौकटींचा ग्राफ, डावीकडे कापड विणून आल्यावर कसं दिसेल ते, आणि उजवीकडे पार्टीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नमुना. उजवीकडचा मॉनिटर मी यंदाच घेतला आणि तिथून दुखणं सुरू झालं. तिसरा चालू करायला गेलं की आधीच्या दोनपैकी एक बंद. डावा चालू केला की उजवा गेला. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या पानावर चौकोन तीन दिसायचे, पण तिसरा कायम फिका. त्यात भर म्हणजे डावीकडचा जुना मॉनिटर लाईट जाऊन आली की १०२४ बाय ७६८ या लहान रिझोल्यूशनवर (पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येवर) अडकायचा, सगळी अक्षरं ढोबळ. ‘डिटेक्ट’चं बटण कितीही दाबा, ढिम्म.

आधी ज्यांना दाखवलं (नाव घेत नाही, गावातच आहेत) त्यांनी कॅबिनेट उघडलं, एक फुंकर मारली आणि निकाल दिला: ग्राफिक्स कार्डाचा (मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या कार्डाचा) एक पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, गेलाय, नवं कार्ड घ्या, त्याला वीज पुरणार नाही म्हणून एसएमपीएसही (वीज पुरवणारा डबा) बदला. खर्चाचा आकडा ऐकून मी कॅबिनेट उचललं आणि निघाले. ओळखीच्या एका सीएंनी हे दुकान सुचवलं.

आधी फोन केला. काउंटरवरच्या ताईंनी फोनवरच दोन-तीन गोष्टी करून घेतल्या, त्याचे पैसे नाहीत. विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ आहे ना ते बघायला लावलं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत इनपुट बरोबर निवडलाय का ते पाहायला लावलं. मग म्हणाल्या, “मॉनिटरची पिन भिंतीतनं काढा, नुसतं बटण नको, आणि चहा होईपर्यंत तशीच राहू द्या.” लाईट गेल्या-आल्यावर मॉनिटरच्या आतली सर्किट अर्धवट अवस्थेत अडकतात, बटण बंद केलं तरी आत वीज खेळतच असते, हे कारणही सांगितलं. शेवटी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायला सांगितलं; त्याने पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो. अनेकांचं काम एवढ्यावरच भागत असावं. माझं नाही भागलं. तेव्हा म्हणाल्या, “घेऊन या की. येताना सगळ्या केबली आणा, आणि जो त्रास देतोय तो मॉनिटरपण.”

केबली आणायला सांगणारं दुरुस्तीचं दुकान मला पहिल्यांदाच भेटलं. बाकीचे ‘फक्त सीपीयू आणा’ म्हणतात, मग त्यांच्या टेबलावर त्यांच्या केबलने सगळं छान चालतं आणि घरी आल्यावर पुन्हा अंधार.

दुकान जिन्याने वर आहे, जिना अरुंद, आणि नवी पेठेत गाडी लावायची म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. टेबलावर बसणारा मुलगा पंचविशीच्या आसपासचा, बोलणं कमी. त्याने कॅबिनेट लगेच उघडलं नाही. आधी विचारलं, “मॅडम, कुठला मॉनिटर कुठल्या पोर्टात होता?” आणि मी सांगेन तसं जुन्या बिलाच्या पाठीवर काढत गेला: मधला एचडीएमआयवर, डावा व्हीजीएवर, उजवा डीव्हीआयमधून एचडीएमआयच्या केबलने (ही तिन्ही मॉनिटर जोडायच्या पोर्टांची नावं). मग त्याने दुकानातला चालू मॉनिटर आणि चालू केबल घेऊन तिन्ही पोर्ट एकेक करून तपासले. एका वेळी एकच वस्तू बदलायची, बाकी जशाच्या तशा. तिन्ही पोर्टांवर चित्र आलं. म्हणजे पोर्ट गेलाच नव्हता.

मग त्याने कार्डाचं मॉडेल बघून कंपनीचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कार्डावर पोर्ट तीन आहेत, पण एका वेळी ते दोनच मॉनिटर चालवू शकतं. जुन्या, स्वस्त कार्डांत हे सर्रास असतं. पोर्ट निवडीसाठी दिलेले असतात, सगळे एकदम वापरण्यासाठी नाही. एवढी साधी गोष्ट, आणि त्यावर मला नवं कार्ड नि एसएमपीएस गळ्यात मारायला निघाले होते. तिसरा चालू केला की दुसरा का मरतो, याचं पूर्ण उत्तर त्या एका ओळीत होतं.

उपाय फुकटातला निघाला. मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर) बहुधा स्वतःचा एचडीएमआय पोर्ट असतो, तो कार्ड बसवल्यावर बहुतेक बोर्ड आपोआप झोपवून टाकतात. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) जायचं आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ‘ऑटो’वरून ‘एनेबल’ करायचं. काही बोर्डांवर याला ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ म्हणतात. त्यानंतर त्याचा ड्रायव्हरही टाकावा लागतो, नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या जोडलेल्या वस्तूंच्या यादीत) ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ एवढंच दिसतं. हा उपाय सगळ्यांना लागू नाही, तेही त्याने स्पष्ट सांगितलं: इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्सच नसतं, आणि एएमडीच्या रायझन प्रोसेसरांत ५६०० ला नसतं पण ५६००जी ला असतं. तिथे मदरबोर्डचा पोर्ट दिसतो, पण त्याच्या मागे कोणी नसतं. माझा प्रोसेसर सुदैवाने ग्राफिक्सवाला निघाला. उजवा मॉनिटर मदरबोर्डवर गेला, तिन्ही पडदे एकदम उजळले.

आता डावीकडचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ म्हणून दिसत होता. हे नाव दिसलं की समजायचं, कॉम्प्युटरला चित्र पाठवता येतंय पण समोर कोण आहे ते कळत नाहीये. प्रत्येक मॉनिटर केबलमधूनच आपली ओळख सांगतो: कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, कुठली रिझोल्यूशन चालतात. ही माहिती १२८ बाइटची असते, नव्या मॉनिटरांत थोडी जास्त. ती पोचली नाही तर विंडोज अंदाजाने काहीतरी लहान रिझोल्यूशन धरतं, किंवा मॉनिटर आहे हेच मानत नाही.

मुलाने माझ्या व्हीजीए केबलचं टोक भिंगाखाली धरलं आणि मला बघायला बोलावलं. पिनांच्या तीन ओळी, पाच-पाचच्या. मधल्या ओळीत एक पिन नव्हतीच. मी म्हटलं, ही तुटलीय. तो म्हणाला, “ती नऊ नंबरची, बऱ्याच केबलींना मुळातच नसते. खाली बघा.” खालच्या ओळीत दुसरी पिन आडवी झोपली होती, पार चपटी. ती बारा नंबरची. ओळख सांगणारी माहिती बारा आणि पंधरा या दोन पिनांतून जाते, रंग मात्र वरच्या ओळीतल्या पहिल्या तीन पिनांतून. म्हणून चित्र येत होतं, रंग येत होते, फक्त नाव पोचत नव्हतं. आमच्या अप्पांच्या काळी जॅकार्डच्या पंचकार्डात एक भोक बुजलं की चादर विणली जायची, पण त्या जागी फुलाच्या पाकळीत एक धागा चुकायचा, हे तसंच. त्याने चिमट्याने पिन सरळ करून दाखवली, मॉनिटरचं खरं नाव लगेच उमटलं. पण “ही परत वाकणार, आतनं मऊ झालीय” म्हणून केबल बदलायला सांगितलं. नवी केबल १८० रुपये. बाजारात यापेक्षा स्वस्त मिळते, पण त्याने ती देण्याआधी मीटर लावून पंधरा आणि बारा दोन्ही तपासल्या, म्हणून मी घासाघीस केली नाही.

मी बसले होते तेव्हा आणखी एक पोरगा टाइप-सी हब (लॅपटॉपच्या एका पोर्टाचे अनेक करणारा डबा) घेऊन आला होता. हबला लावलेला मॉनिटर लॅपटॉपला दिसत नाही अशी तक्रार. त्याला लॅपटॉपच्या पोर्टाशेजारची खूण बघायला सांगितली. तिथे डीपीचं (डिस्प्लेपोर्टचं) चिन्ह किंवा थंडरबोल्टची विजेची खूण नसेल तर बहुतेक वेळा त्या पोर्टातून चार्जिंग आणि डेटाच जातो, चित्र जातच नाही. मग हब कितीही महागाचा घ्या. दुसऱ्या एकाला एम१ मॅकबुक एअरवर दोन मॉनिटर लावायचे होते. तो लॅपटॉप बाहेरचा एकच मॉनिटर घेतो, हे अ‍ॅपलनेच लिहिलेलं आहे. दोन हवे असतील तर डिस्प्लेलिंकचा (सॉफ्टवेअरच्या मदतीने यूएसबीतून चित्र पाठवणारा) डॉक आणि त्याचा ड्रायव्हर लागतो. दुकानात साधे हब टांगलेले होते, तरी त्यातला एक त्याला विकला नाही. मला हे जास्त भावलं.

आता तक्रारी. कॅबिनेट ठेवून घेतलं तेव्हा विंडोजचा पासवर्ड मागितला आणि तो चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून कॅबिनेटच्या पुढच्या बाजूलाच चिकटवला. जिन्यातून येणारा-जाणारा कोणीही वाचेल. माझ्या मशीनमध्ये तीन कारखान्यांची न छापलेली डिझाईन आहेत आणि सोलापुरात डिझाईन फुटायला वेळ लागत नाही. मी मालकांना सांगितलं, ते हसले, “कोण बघतंय ताई.” हे चालणार नाही. तुम्ही जाल तर आधी पासवर्ड बदलून तात्पुरता द्या आणि परत आल्यावर पुन्हा बदला.

दुसरं, पडद्यांची मांडणी लावून दिली नाही. घरी आल्यावर माउस उजवीकडे ढकलला की डाव्या मॉनिटरवर उगवायचा. डिस्प्लेच्या पानावर ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येक पडद्यावर मोठा आकडा येतो, त्याप्रमाणे चौकोन ओढून लावायचे, दोन मिनिटांचं काम आहे. पण ज्याला ठाऊक नाही तो ‘बिघाड तसाच आहे’ म्हणून पुन्हा जिना चढेल. आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत.

तपासणीचे २०० घेतले, दुरुस्ती झाली म्हणून ते केबलच्या बिलात वळते केले नाहीत, वेगळेच लावले. तरी एकूण खर्च ४०० च्या आत. दुपारी जेवायला दोन ते चार बंद असतं, सकाळीच जा. व्हीजीएवरच्या जुन्या मॉनिटरचा रंग एचडीएमआयवाल्याशी जुळत नाही, ते त्यांच्या हातात नाही. मी पार्टीला दाखवायचा रंग मधल्याच मॉनिटरवर पक्का करते.