रंगवायला उत्तम, लपवायला अपुरा: दगड रंगवण्याच्या एका तयार संचाविषयी

गुळगुळीत गोट्यांवर चित्रे काढायची, ते येण्याजाण्याच्या वाटेवर कुठेतरी दडवून ठेवायचे आणि ज्याला सापडतील त्याने ते जवळ ठेवावेत किंवा दुसरीकडे नेऊन पुन्हा लपवावेत, एवढ्याच नियमांचा हा खेळ आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील केप कॉडच्या किनाऱ्यावर मेगन मर्फी यांनी धीर देणारे शब्द लिहिलेले दगड ठेवायला सुरुवात केली आणि त्यातून ‘काइंडनेस रॉक्स’ हा उपक्रम उभा राहिला. या छंदासाठी आता तयार संचही मिळतात. त्यांपैकी एक आमच्या घरातल्या पाच जणांनी, आणि नंतर शेजारच्या मुलांनीही, सुमारे तीन महिने वापरला. नाव लिहून एकाच उत्पादकाला धारेवर धरण्यापेक्षा असा संच घेताना डब्यात काय पाहावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते, म्हणून नाव देत नाही.

डब्यात बारा गोटे, बारा ॲक्रिलिक पेने, दोन कुंचले, व्हार्निशची लहान बाटली, चिकटवायचे प्लास्टिकचे डोळे, चमकीची पुडी आणि एक माहितीपत्रक निघाले. यांतील पेने खरोखर चांगली आहेत. झाकण लावून पेन हलवावे, आतली गोळी खडखडली की टोक एखाद्या कागदावर चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे रंग उतरू लागतो. एकदा उतरला की तो एकसारखा येतो. हा रंग पाण्यात कालवलेला असतो आणि पाणी उडून गेल्यावर त्यातील ॲक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळून प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा तयार होतो. त्यामुळे ओला असेपर्यंत ओल्या फडक्याने पुसता येतो, वाळल्यावर मात्र टोकदार काडीने खरवडावा लागतो. लहान मुलांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण घुबडाचा डोळा चुकला म्हणून दगड टाकून द्यावा लागत नाही. पिवळा रंग मात्र काळसर दगडावर दोन हात देऊनही झाकत नाही. आधी पांढऱ्याचा थर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा, हा त्यावरचा उपाय आम्हाला स्वतःच शोधावा लागला.

गोट्यांनी पहिल्याच दिवशी त्रास दिला. ते चकाकत होते आणि रंग त्यांच्यावर थेंबाथेंबाने गोळा होत होता. चमक टिकावी म्हणून त्यांच्यावर मेणासारखा काहीतरी लेप दिलेला असावा, असा माझा कयास आहे. साबण लावून घासून धुतले आणि रात्रभर वाळू दिले तेव्हा रंग नीट बसला. माहितीपत्रकात याविषयी एक शब्दही नाही. रंगवायला बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाला ‘उद्यापर्यंत थांब’ असे सांगण्याची वेळ माहितीपत्रक लिहिणाऱ्यावर कधी आली नसावी.

माझा खरा आक्षेप व्हार्निशवर आहे, कारण टेबलावर मांडून ठेवायचा दगड आणि बाहेर लपवायचा दगड यांतला फरक तिथेच ठरतो. बाटलीतले व्हार्निश कुंचल्याने लावायचे आहे. पेनाच्या रेषांवर तो ओला कुंचला फिरला की काळी रेघ पसरते आणि कासवाच्या पाठीवरचे चौकोन राखाडी होऊन जातात. एवढे सांभाळून लावले तरी पुढची परीक्षा पावसाची. आम्ही एकाच दिवशी रंगवलेले सहा दगड घेतले. तिघांना डब्यातले व्हार्निश लावले, तिघांवर बाहेरच्या कामासाठी मिळणाऱ्या पारदर्शक स्प्रेचे तीन पातळ थर दिले, दोन थरांमध्ये पुरेसा वेळ सोडला आणि सगळे उघड्यावर ठेवले. पहिल्या मोठ्या पावसानंतर संचातले व्हार्निश दुधासारखे पांढरे पडले, दोन आठवड्यांत त्याचे पापुद्रे सुटू लागले आणि सोबत रंगही निघाला. स्प्रे मारलेल्या दगडांचा रंग थोडा फिका झाला, पण चित्र शाबूत राहिले. स्प्रे मोकळ्या हवेत आणि मोठ्यांनीच मारावा. तो लांबून, हलक्या हाताने मारला तर रेषाही पसरत नाहीत.

सुटलेला प्रत्येक पापुद्रा मातीत मिसळलेले प्लास्टिक असते, म्हणून ही उणीव केवळ दिसण्यापुरती नाही. याच कारणाने डोळे आणि चमकी यांना मी डब्यातली सर्वांत वाईट भर मानतो. चिकटवलेले डोळे मुलांना फार आवडतात, हे खरे. पण बाहेर ठेवलेल्या दगडावरून ते गळून पडतात आणि रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जाण्याइतके लहान असतात.

माहितीपत्रकातले ‘निसर्गात कुठेही लपवा’ हे वाक्य तर काढूनच टाकायला हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत असे रंगवलेले दगड ठेवू नयेत, असे तिथले व्यवस्थापन वारंवार सांगत आले आहे. रानात फिरायला गेलेल्या माणसाला तिथला दगड तिथल्यासारखाच दिसावा, हे त्यामागचे साधे कारण. ओढ्यातून किंवा किनाऱ्यावरून पोतेभर गोटे उचलून आणणेही तितकेच चूक, कारण त्यांच्याखाली लहान जीव राहतात. गवत कापण्याचे यंत्र फिरते तिथे दगड ठेवला तर तो पात्याखाली येऊन उडतो, आणि उंच कठड्यावर ठेवला तर तो काढण्यासाठी कोणीतरी मूल वर चढते. आम्ही शेवटी दोनच जागा ठरवल्या: परवानगी विचारलेली शेजाऱ्यांची अंगणे आणि वाचनालयाच्या दाराजवळची कुंड्यांची रांग.

दगडाच्या मागच्या बाजूचा विचारही संच करणाऱ्यांनी केलेला नाही. दगड ज्याला सापडेल त्याला हा खेळ आहे हे कळावे म्हणून तिथे दोन ओळी लिहाव्या लागतात, आणि डब्यातल्या सर्व पेनांची टोके सुमारे २ मिलिमीटर जाडीची आहेत. त्यांनी ‘ठेवा किंवा पुन्हा लपवा’ एवढे लिहितानाच जागा संपते. आम्ही पोस्का या जपानी पेनांतले ०.७ मिलिमीटर टोकाचे एक काळे पेन वेगळे घेतले आणि मग तळहातापेक्षा लहान गोट्यावरही मजकूर मावू लागला. मुलांनी आपली नावे किंवा पत्ता लिहू नये, एवढे मात्र आधीच बजावून ठेवावे.

घरात बसून एक दुपार रंगवण्यात घालवायची असेल आणि दगड फळीवरच राहणार असतील, तर हा संच खुशाल घ्यावा. लपवण्यासाठी घ्यायचा असेल, तर नुसती पेने, एक बारीक टोकाचे पेन आणि बाहेर टिकणारा स्प्रे असे सुटे सामान घेणे बरे. आमच्या डब्यातली चमकीची पुडी अजून फोडलेली नाही आणि व्हार्निशची उरलेली बाटली आता फक्त घरात राहणाऱ्या दगडांसाठी वापरली जाते.